जुन्या मस्टँगची पुढची खडखड: भाग मागवण्याआधी दोष कसा शोधायचा

ब्रेक दाबला की पुढून ‘ठक’. सोडला की परत ‘ठक’. माझी १९६७ ची फोर्ड मस्टँग घरी आली आणि तिसऱ्याच आठवड्यात हा आवाज सुरू झाला. इथल्या, म्हणजे मिशिगनमधल्या, एका गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: पुढचं सगळं बदलून टाका. वरचे-खालचे आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड, स्प्रिंगा, शॉक, सगळं. कागदावरचा आकडा बघून मी गाडी तशीच घरी आणली.

शेजारचे एक निवृत्त गृहस्थ सहज डोकावायला आले होते. ते म्हणाले, “तू गाडी सावकाश पुढे घे आणि ब्रेक मार, मी चाकाकडे बघतो.” दोनदा ब्रेक मारला. डावं चाक प्रत्येक वेळी मडगार्डच्या पोकळीत बोटभर मागे सरकत होतं. स्ट्रट रॉडचे, म्हणजे चाकाला मागेपुढे सरकू न देणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) पार खलास झाले होते. दोन्ही बाजूंचे मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात त्या गॅरेजमध्ये अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणंसुद्धा, झालं नसतं.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. आधी लक्षण, मग तपासणी, मग दोष, आणि सगळ्यात शेवटी सुट्या भागांचा कॅटलॉग. ज्यांनी नुकतीच अशी जुनी गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही शिस्त पायरीपायरीने लिहिते आहे. उदाहरण मस्टँगचंच घेते, कारण माझे हात त्याच ग्रीसमध्ये माखले आहेत. कट्टर मंडळी म्हणतील की मस्टँग ही मसल कार (दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी) नव्हेच, ती पोनी कार, म्हणजे तिची आटोपशीर, स्पोर्टी बहीण. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण खडखडीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. शेवरले आणि डॉज-प्लिमथवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे, ते वगळू नका.

आधी वजन कुठून कुठे जातं ते बघा

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये लोकांसमोर आली. दिसायला नवी नवरी, पण आतली हाडं बरीचशी फोर्डच्या फाल्कन या साध्या घरगुती गाडीची. पुढच्या सस्पेन्शनची मांडणीही तिथूनच आली.

चाक स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या आसावर, बसतं. स्पिंडल वरच्या टोकाला बॉल जॉइंटने, म्हणजे सगळीकडे वळू शकणाऱ्या गोल सांध्याने, अपर आर्मला जोडलेला असतो आणि खालच्या टोकाला दुसऱ्या बॉल जॉइंटने लोअर आर्मला. इथपर्यंत बहुतेक जुन्या अमेरिकन गाड्या सारख्याच. फरक स्प्रिंगमध्ये आहे. मस्टँगची कॉइल स्प्रिंग अपर आर्मवर उभी असते. तिचं वरचं टोक शॉक टॉवरमध्ये शिरतं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच खोके दिसतात, तेच शॉक टॉवर. शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगच्या पोटात असतो आणि स्प्रिंगचं खालचं टोक ‘पर्च’ नावाच्या बैठकीवर टेकतं.

म्हणजे गाडीचं वजन टॉवरमधून स्प्रिंगवर, तिथून अपर आर्मवर, मग वरच्या बॉल जॉइंटमधून स्पिंडलवर आणि शेवटी चाकावर उतरतं. बोजा वाहणारा जॉइंट वरचा. खालचा नुसता चाक जागेवर धरतो. हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढची अर्धी तपासणी त्यावरच उभी आहे, आणि नवखे लोक नेमके तिथेच चुकतात.

लोअर आर्म म्हणजे दाबलेल्या पत्र्याची सडपातळ पट्टी. ती गाडीला एकाच ठिकाणी, एकाच बुशवर अडकवलेली असते. तिला एकटं सोडलं तर ती मागेपुढे झुलत राहील. तिला आवरून धरतो तो स्ट्रट रॉड. लोअर आर्मपासून निघून तो पुढे रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटमध्ये दोन रबरी बुशांच्या मध्ये बसतो.

गाडी नक्की कोणती आहे?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण साठ वर्षांत या गाड्या कितीतरी हातांतून गेल्या आहेत. चासी नंबरचा पहिला आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, ७ म्हणजे १९६७. पुढचं अक्षर कारखान्याचं: ‘एफ’ असेल तर डिअरबॉर्न, ‘आर’ म्हणजे सॅन होजे, ‘टी’ म्हणजे न्यू जर्सीतलं मेटाचन. पाचवी खूण इंजिनाची, तिथे ‘सी’ असेल तर २८९ घनइंचांचं व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन.

आता चाकाचे नट मोजा. व्ही-आठ मस्टँगला कारखान्यातून पाच नट येत, सहा सिलिंडरवालीला चार. बॉनेटखाली व्ही-आठ आणि चाकाला चार नट असं दिसलं तर कुणीतरी नंतर फक्त इंजिन बदललं आहे आणि पुढचं सस्पेन्शन हलक्या इंजिनासाठीचंच राहिलं आहे. मग ‘गाडी पुढून बसते’ या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळतं.

वर्ष महत्त्वाचं असायचं आणखी एक कारण. १९६५-६६ च्या गाडीत कॅम्बर (पुढून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (बाजूने बघितल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागेपुढे झुकाव) दोन्ही अपर आर्मच्या मागे पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, घालून जुळवतात. १९६७ पासून कॅम्बरसाठी लोअर आर्मच्या आतल्या बोल्टवर विकेंद्री, म्हणजे भोक मध्यावर नसलेली, चकती आली आणि कॅस्टर स्ट्रट रॉडच्या नटांनी जुळवायचा. चुकीच्या वर्षाचं मॅन्युअल हातात घेऊन बसलात तर नसलेली गोष्ट शोधत दुपार जाईल. तुमच्या वर्षाच्या फोर्डच्या मूळ शॉप मॅन्युअलची पुनर्मुद्रित प्रत मिळते. पहिली खरेदी तीच करा.

पहिली पायरी: टायर वाचा

जॅकला हात लावण्याआधी चारही टायरची हवा सारखी करा आणि पुढचे दोन टायर तळव्याने चाचपून बघा. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड घासलेली असेल तर कॅम्बर बिघडलेला आहे. तळवा एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, चुकलेला. ठरावीक अंतरावर वाट्यांसारखे खड्डे पडले असतील तर शॉक गेलेला असतो किंवा चाक बॅलन्समध्ये नसतं. दोन्ही कडा घासल्या असतील तर वर्षानुवर्षं हवा कमी होती, मधला पट्टा घासला असेल तर जास्त.

टायरच्या बाजूवर छापलेला तयार झाल्याचा आठवडा आणि वर्षही बघा. गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टायरवर खाचा भरपूर असतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं. असल्या टायरवर सस्पेन्शन तपासणं म्हणजे फुटक्या चष्म्यातून डोळे तपासून घेणं.

दुसरी पायरी: रस्त्यावर

मोकळा, सपाट रस्ता निवडा. रेडिओ बंद, काचा खाली. शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलेलं असावं, कारण गाडी चालवताना लक्षणं लक्षात राहत नाहीत.

सरळ जाताना गाडी एका बाजूला खेचते का, की फक्त ब्रेक मारल्यावर खेचते? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. कायमची ओढ असेल तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करा. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा, सस्पेन्शनला उगाच बोल लावू नका. बाजू तीच राहिली तर अलाइनमेंट, उतरलेली स्प्रिंग किंवा एका बाजूचा अडकलेला ब्रेक. फक्त ब्रेकच्या वेळी ओढ असेल तर संशयित दोन: ड्रम ब्रेक आणि स्ट्रट रॉडचे बुश. पुढे ड्रम असलेल्या गाड्यांत एका बाजूच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस लागलेलं असणं अगदी नेहमीचं.

ओढ नाही, पण गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं? मग स्टिअरिंगच्या सांध्यांमधला ढिलेपणा किंवा अपुरा कॅस्टर.

आवाजांची भाषाही शिकून घ्या. गतिरोधकावरून सावकाश जाताना ‘कुईं’ असा कोरडा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला तर अपर आर्मच्या शाफ्टचे बुश किंवा स्प्रिंगचा पर्च. लहान खड्ड्यांवर हलकी ‘खडखड’ झाली तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका किंवा शॉकची ढिली माउंटिंग. ब्रेकला ‘ठक’ म्हणजे स्ट्रट रॉड, पण इंजिनाचं फाटलेलं माउंटिंगही असाच आवाज करतं. गिअर टाकून ब्रेकवर पाय ठेवून ॲक्सिलरेटर किंचित दाबला आणि तेव्हाही ठक वाजलं, तर आधी इंजिन माउंटिंग बघा.

ताशी ५०-६० मैलांवर स्टिअरिंग थरथरत असेल तर पहिल्यांदा चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. स्वस्त आहे, आणि निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरी पायरी: चाकं जमिनीवर ठेवूनच

सपाट फरशीवर गाडी थोडी मागेपुढे ढकलून सस्पेन्शन मोकळं बसू द्या. मग मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक बाजू खाली असेल तर लगेच पुढच्या स्प्रिंगवर आरोप ठेवू नका. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगची एक बाजू बसली असेल तर तिरपा परिणाम पुढेही दिसतो. गाडीचा मागचा भाग जॅकने बरोबर मध्यावर उचला आणि पुढचं अंतर परत मोजा. फरक नाहीसा झाला तर दोष मागे आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतरही दोन्ही बाजूंना मोजा. कागदोपत्री ते १०८ इंच आहे. तुमच्या टेपवर दोन्ही बाजूंना वेगळे आकडे आले तर ज्या बाजूला कमी, तिथला स्ट्रट रॉड, त्याचे बुश किंवा त्याचा ब्रॅकेट संशयाच्या घेऱ्यात. अपघात झालेल्या गाड्याही इथेच पकडल्या जातात.

आता कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. डुलत राहिली तर शॉक संपला. मात्र ही चाचणी एकाच बाजूने खरी धरायची. डुलली तर शॉक नक्की गेला, पण डुलली नाही म्हणजे तो चांगलाच आहे असं नाही. गंजून घट्ट झालेले बुशही गाडीला डुलू देत नाहीत.

शेवटी सगळ्यात उपयोगी चाचणी. मदतनीस आत बसवा. आमच्याकडे हे काम नवऱ्याचं, आणि तो ते फोनवर बोलता बोलता करतो. स्टिअरिंग घड्याळाच्या अकरा ते एकच्या दरम्यान झटक्याने डावी-उजवीकडे हलवायला सांगा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. तुम्ही पुढून खाली वाकून स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांपर्यंतचा एकेक सांधा क्रमाने बघा: पिटमन आर्म, सेंटर लिंक, आयडलर आर्म, आतले आणि बाहेरचे टाय रॉड. गाडीचं वजन चाकांवर असल्याने चाकं अडून बसतात आणि जो सांधा झिजला आहे तो स्वतःहून चुगली करतो. नुसतं बघू नका, सांध्यावर बोटं ठेवा. डोळ्याला न दिसणारी टकटक बोटाला कळते. गाडी गिअरमध्ये नाही, हँडब्रेक ओढलेला आहे आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आहेत, हे आधी बघून घ्या.

चौथी पायरी: चाकं हवेत

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. स्टँड लावायचे, आणि स्टँडवर ठेवल्यावर गाडीला एकदा जोरात हलवून बघायचं. माझ्या पोरांनाही हा नियम पाढ्यासारखा पाठ आहे.

आता भिंतीवरचं वाक्य आठवा. मस्टँगमध्ये बोजा वरच्या बॉल जॉइंटवर. तुम्ही लोअर आर्मखाली जॅक लावून चाक उचललंत तर तो जोर स्पिंडलमधून वरच्या जॉइंटला स्प्रिंगवर दाबून धरतो. आत कितीही झीज असली तरी जॉइंट घट्ट वाटतो, आणि तुम्ही त्याला तंदुरुस्तीचा दाखला देऊन मोकळे होता. म्हणून मस्टँग उचलायची ती बॉडीच्या सांगाड्याखालून. त्याआधी, गाडी जमिनीवर असतानाच, अपर आर्म आणि खालचा सांगाडा यांच्या फटीत कठीण लाकडाचा ठोकळा बसवायचा. गाडी वर गेली की आर्म खाली पडत नाही, स्प्रिंगचा जोर ठोकळ्यावर राहतो आणि जॉइंट मोकळा होतो. या फटीत बोटं घालू नका. ठोकळा निसटला तर स्प्रिंग दयामाया दाखवणार नाही.

टायर वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी, धरून आत-बाहेर हलवा. ढिलेपणा जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलेपणा गायब झाला तर तो व्हील बेअरिंगचा होता, कारण ब्रेकने ड्रम आणि स्पिंडल एकजीव झाले. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश. बेअरिंगचं काम वेगळं आणि सोपं आहे. ते काढा, ग्रीस भरा, चाक फिरवत नट घट्ट करा, सैल सोडा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या जोरावर आणा आणि नवी कॉटर पिन घाला. बेअरिंगचा नट आवळून ‘बॉल जॉइंट दुरुस्त’ करणारे लोक मी पाहिले आहेत.

बेअरिंग निर्दोष सुटलं की टायरखाली लांब पहार घालून चाक वर उचका आणि त्याच वेळी वरच्या जॉइंटकडे बघा. स्पिंडलचं टोक आर्मच्या संदर्भात हललं तर जॉइंट झिजला आहे. किती हालचाल चालेल ते तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती डायल इंडिकेटर या बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाने मोजायची. अंदाजाने ‘थोडीशी आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. खालचा जॉइंट बोजा वाहत नाही, त्यामुळे त्यात हाताला जाणवणारा ढिलेपणा असूच नये.

जॉइंट आर्मला रिव्हेटने जोडला आहे की नट-बोल्टने, तेही पाहून ठेवा. रिव्हेट दिसले तर वरचा जॉइंट बहुधा कारखान्यातलाच आहे. बोल्ट असतील तर कुणीतरी तो एकदा बदलला आहे. खालचा मात्र लोअर आर्मसकट बदलतात.

टायर आता बाजूंनी, नऊ आणि तीनच्या जागी धरा. इथला ढिलेपणा बहुतेक वेळा टाय रॉड किंवा आयडलर आर्मचा.

मग बुश. स्ट्रट रॉडच्या पुढच्या टोकाशी टॉर्च मारा. रबर भेगाळलेलं, वॉशरबाहेर फुगून आलेलं किंवा तेलाने मऊ पडलेलं असेल तर बदला. ब्रेक मारल्यावर चाक मागे जाऊ बघतं आणि ब्रॅकेटच्या पुढचा बुश दाबला जातो, म्हणून तोच आधी संपतो. लोअर आर्मच्या आतल्या बुशाजवळ पहार घालून आर्म ढकला. तिथे कॅम्बरची विकेंद्री चकती असेल तर तिच्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून खडूची एक रेघ ओढा आणि आठवडाभर गाडी चालवा. रेघ तुटली तर चकती सरकते आहे. मग कितीही वेळा अलाइनमेंट केली तरी ती टिकणार नाही.

अपर आर्मच्या शाफ्टला मूळ गाडीत स्टीलचे आटेदार बुश असतात. त्यांना ग्रीस लागतं, आणि ते देणं म्हणजे एक दिव्यच. टॉवरची भिंत इतकी जवळ असते की ग्रीसगन आत जात नाही. काटकोनी निपल बसवावी लागते. काही गाड्यांच्या टॉवरला यासाठीच भोक पाडलेलं दिसतं. तुमच्या टॉवरला तसं ओबडधोबड भोक असेल तर त्याच्या कडा भिंगातून बघा, तिथूनच भेग निघते. ‘कुईं’ आवाज शाफ्टचा की पर्चचा हे ठरवायचं असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी एकाला, मग दुसऱ्याला लावा, मूठ कानाशी धरा आणि कुणाला तरी मडगार्ड दाबायला सांगा. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप याहून काही वेगळं करत नाही.

शॉक टॉवर: इथे वेळ घालवा

बुश, जॉइंट, लिंका या सगळ्या गोष्टी विकत मिळतात. टॉवर फाटला तर पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं. म्हणून गाडी घेण्याआधी एकच जागा तपासायची झाली तर मी ही तपासेन.

१९६७ मध्ये मस्टँगमध्ये पहिल्यांदा ३९० घनइंचांचं जाडजूड इंजिन बसू लागलं. असं वजन, खराब रस्ते आणि साठ वर्षं यांचा भार शेवटी या पत्र्यावरच येतो. मळ आणि ग्रीस पूर्ण धुऊन काढा. मग अपर आर्मचे बोल्ट जिथे टॉवरमध्ये शिरतात ती जागा, स्प्रिंगची वरची बैठक आणि टॉवर जिथे ॲप्रनला (इंजिनाच्या खणातल्या बाजूच्या पत्र्याला) व खालच्या सांगाड्याला जोडला आहे ते वेल्ड, या तीन ठिकाणी बारकाईने बघा. केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती बहुधा भेग असते. रंगाखालून उठलेली सरळ सुरकुतीसुद्धा संशयास्पद.

उजव्या बाजूला बॅटरी बसते. दशकानुदशकं तिचं ॲसिड खाली गळून ॲप्रन आणि त्याखालचा सांगाडा खात असतं. बॅटरीचा ट्रे काढून बघा. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे इथे वाढलेल्या गाडीत वरून ॲसिड आणि खालून मीठ, अशी दुहेरी मेजवानी असते.

दोन टॉवर आतल्या बाजूला झुकलेत का, तेही कळू शकतं. टॉवरपासून टॉवरपर्यंत आडवा जाणारा ‘माँटे कार्लो बार’ नावाचा दांडा बसवून बघा. जो बार इतर मस्टँगना सहज बसतो तो तुमच्या गाडीत लांब पडला, तर बार चुकीचा नसून टॉवर एकमेकांकडे सरकलेले असण्याची शक्यता जास्त. ठोकून ठोकून तो बसवू नका. असल्या गाडीला अलाइनमेंटवाला हात टेकतो, कारण कॅम्बर जुळवायला जागाच उरलेली नसते.

स्टिअरिंग बॉक्स सगळ्यात शेवटी

स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे मोकळा ढिलेपणा, आहे म्हटलं की पहिला सल्ला येतो, “बॉक्सवरचा स्क्रू थोडा आवळ.” नका आवळू. बाकी सगळे सांधे निर्दोष असल्याची खात्री होईपर्यंत त्या स्क्रूकडे बघूही नका. जास्त आवळलेला बॉक्स सरळ रेषेत जड होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि आतले दाते नेमके मध्यभागी झिजतात.

आयडलर आर्मचा एक खोडसाळपणा माहीत असू द्या. त्यात रबरी बुश असतो. चाकं वळलेली असताना त्याचा नट आवळला तर रबर पिळून राहतं आणि गाडी कायम एका बाजूला ओढते. अलाइनमेंट मशीन सगळे आकडे हिरवे दाखवतं आणि गाडी मात्र डावीकडेच जाते. चाकं सरळ ठेवून नट सैल करा आणि परत आवळा.

पॉवर स्टिअरिंगवाल्या मस्टँगमध्ये सेंटर लिंकवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर वेगळा. पुढची चाकं हवेत असताना इंजिन चालू केलं आणि स्टिअरिंग भुताने धरल्यासारखं आपोआप एका बाजूला वळलं, तर व्हॉल्व्हचा समतोल बिघडला आहे. दोष हायड्रॉलिकचा आहे, सस्पेन्शनचा नव्हे.

शेवरले, डॉज, प्लिमथवाल्यांसाठी

१९६७ ते ६९ ची शेवरले कॅमारो किंवा त्या काळची शेवेल असेल तर स्प्रिंग लोअर आर्मवर बसते. बोजा खालच्या बॉल जॉइंटवर. म्हणून जॅक लोअर आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावायचा. मस्टँगच्या नेमकं उलट. एकाच गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या असतील तर गोंधळ ठरलेला. कॅमारोत पुढचा सबफ्रेम, म्हणजे पुढच्या भागाचा वेगळा सांगाडा, बॉडीला बुशांवर बोल्टने जोडलेला असतो. ते बुश सडले की येणारा धप्प आवाज हुबेहूब बॉल जॉइंटसारखा वाटतो.

डॉज चार्जर आणि तिच्या भावंडांना पुढे कॉइल स्प्रिंगच नाही. लांब टॉर्शन बार पिळून स्प्रिंगचं काम करतो आणि त्याचा जोर लोअर आर्मवर येतो. इथेही जॅक लोअर आर्मखालीच. एक बाजू खाली बसली असेल तर नवा भाग मागवण्याआधी उंची जुळवायचा बोल्ट बघा. कुणीतरी तो फिरवून ठेवलेला असू शकतो. आणि अलाइनमेंट करायची ती उंची जुळवल्यानंतरच.

दुरुस्तीचा क्रम

दोष सापडल्यावर मोह होतो की हाताशी आहे तर सगळंच बदलून टाकू. बजेट असेल तर जरूर करा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. चार भाग एकदम बदलले आणि आवाज तसाच राहिला, तर जुना दोष कुठला आणि नव्या जोडणीतली चूक कुठली हे कधीच कळत नाही.

कॉइल स्प्रिंग काढायची वेळ आली तर योग्य कंप्रेसर आणि आधी हे काम केलेला माणूस, दोन्ही हवेत. मस्टँगची स्प्रिंग टॉवरच्या वरच्या तोंडातून कंप्रेसर घालून दाबतात. सुटलेली स्प्रिंग माणूस मारू शकते. हे एक काम मी आजही एकटीने करत नाही.

रबरी बुशांचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा. मी पहिल्या वर्षी उलटं केलं. गाडी खाली उतरली तेव्हा रबर आधीच पिळलेलं होतं, आणि एका मोसमात बुश फाटले.

अलाइनमेंटसाठी जाल तेव्हा दुकानदाराला सांगा की गाडीवर रेडियल टायर आहेत. १९६७ चे कारखान्याचे आकडे त्या काळच्या बायस टायरसाठी, म्हणजे आजच्या रेडियलच्या आधीच्या जुन्या धाटणीच्या टायरसाठी, होते आणि त्यात कॅस्टर जेमतेम असे. रेडियलवर अडीच-तीन अंशांचा धन कॅस्टर दिला तर गाडी हायवेवर सरळ चालते. स्टिअरिंग हाताला थोडं जड लागतं, विशेषतः पॉवर स्टिअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये. कॅम्बर किंचित ऋण, आणि टो-इन साधारण १/८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास.

दुकानातून निघाल्यावर शंभरेक मैल चालवून सगळे नट परत एकदा तपासा आणि खडूच्या रेघा जागेवर आहेत का ते बघा. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, तिथे गाडी न्यायची असेल तर हे काम जुलैतच उरकून घ्या. त्या आठवड्यात इथला एकही अलाइनमेंटवाला फोन उचलत नाही.